फुटामागे पन्नास रुपये

अण्णा गेले त्याला आता चार वर्षे झाली. त्यांचे कपाट आवरण्याचे काम मी बरेच दिवस टाळत आलो होतो. गेल्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली म्हणून ते कपाट हलवावेच लागले, आणि तळच्या खणात, विजेची जुनी बिले आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्स प्रतींखाली, लाल कापडी पुठ्ठ्याची एक उभी वही सापडली. किराणा दुकानदार उधारीसाठी वापरतात तशी. पहिल्या पानावर ‘श्री’, आणि त्याखाली अण्णांच्या वळणदार अक्षरात ‘रस्ता वर्गणी, सन १९९५’. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासण्याची नोकरी केली. घरातला हा एक हिशेब तपासायचा राहून गेला होता, तो त्या दिवशी तपासला. हा लेख त्या तपासणीतून निघाला आहे, त्यामुळे त्यात आकडे थोडे जास्त येतील. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आमची वसाहत दक्षिण महाराष्ट्रातल्या एका शहराच्या कडेला आहे. शहराचे नाव मुद्दामच लिहीत नाही. अशा दहा-वीस वसाहती प्रत्येक शहराच्या कडेला आहेत. ऐंशीच्या दशकात एका शेतकऱ्याने आपले ज्वारीचे रान दोन-दोन, तीन-तीन गुंठ्यांनी विकले. गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा हिस्सा, १०८९ चौरस फूट. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे शेतजमिनीचे इतके लहान तुकडे पाडून रीतसर विकता येत नसत. म्हणून खरेदीखत नाही. मुद्रांकाच्या कागदावर एक करार, दोन साक्षीदारांच्या सह्या, आणि सातबाऱ्यावर नाव मूळ मालकाचेच. बिगरशेती झालेला, मंजूर नकाशातला प्लॉट घेण्याची ज्यांची ऐपत नव्हती अशा कारकुनांनी, शिक्षकांनी, सूतगिरणीतल्या कामगारांनी, गवंड्यांनी, एसटीच्या वाहकांनी ही जमीन घेतली आणि जमेल तशी घरे बांधली. ‘लेआऊट’ म्हणून जो कागद दाखवला जाई, तो म्हणजे शेतकऱ्याच्या पुतण्याने चौकटीच्या वहीच्या पानावर आखलेल्या रेघा होत्या. त्यातल्या दोन रेघांमधली मोकळी जागा म्हणजे आमचा रस्ता: वीस फूट रुंद आणि सहाशे चाळीस फूट लांब.

हा रस्ता कोणाचा, हा प्रश्न पहिली दहा वर्षे कोणाला पडला नाही. शेतकऱ्याने पैसे घेतले होते, तेव्हा त्याचा नाही. प्लॉटवाल्यांच्या करारात फक्त प्लॉटच्या चतुःसीमा होत्या आणि एका बाजूला ‘रस्ता’ एवढाच शब्द होता, तेव्हा त्यांचाही नाही. नगरपालिकेकडे तो कधी हस्तांतरित झाला नाही, तेव्हा तिचाही नाही. कोणाचाच नसलेला असा तो रस्ता दर जूनमध्ये मात्र प्रत्येकाचा होत असे. आमच्याकडची माती काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगते, लोण्यासारखी होते. चपला हातात घेऊन, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आम्ही कॉलेजला निघायचो. सायकल खांद्यावर घ्यावी लागे, कारण चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल भरला की ती ढकलताही येत नसे. आईच्या बाळंतपणाच्या वेळी, धाकट्या बहिणीच्या जन्माला, रिक्षा मुख्य रस्त्यावरच थांबली होती आणि आम्ही तिला खुर्चीत बसवून तिथपर्यंत उचलून नेले होते. आमचे घर कोपऱ्यावर, म्हणून ते साठ फुटांत भागले. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्यांचे काय होत असेल याची कल्पना करावी.

मराठी सरकारी भाषेने रस्त्याच्या चार अवस्था सांगितल्या आहेत, आणि चारींना ‘करण’ लावले आहे: मुरमीकरण, खडीकरण, डांबरीकरण, काँक्रिटीकरण. माणसाच्या चार आश्रमांसारख्या त्या एकामागून एक याव्यात अशी अपेक्षा असते. आमच्या गल्लीत मुरमीकरण लोकांनीच केले होते. दर दोन वर्षांनी घरटी पन्नास-शंभर रुपये काढून चार-सहा ट्रॉल्या मुरूम आणायचा, रविवारी घमेली-फावडी घेऊन पसरायचा. तो पुढच्या दोन पावसाळ्यांत काळ्या मातीच्या पोटात गडप व्हायचा. खालचा थर पक्का नसताना वरून मुरूम टाकणे म्हणजे ओतत राहणे आहे हे गवंडीकाम करणारे शेजारी दर वर्षी सांगत आणि दर वर्षी तेच फावडे घेऊन पुढे असत.

१९९५ मध्ये वरच्या बाजूने एक प्रस्ताव आला. वसाहत अनधिकृत, म्हणून सार्वजनिक पैसा पूर्णपणे इथे खर्च करता येत नाही. पण रहिवाशांनी निम्मी रक्कम लोकवर्गणी म्हणून आधी भरली, तर उरलेली निम्मी अमुक एका निधीतून घालू, असे कार्यालयातून सांगण्यात आले. बारा फूट रुंदीचे खडीकरण आणि वर डांबर, अंदाजपत्रक एक लाख चोवीस हजारांचे. म्हणजे गल्लीने बासष्ट हजार जमवायचे. घरे एकतीस.

वहीतल्या दुसऱ्या पानापासून त्या सभेचा वृत्तान्त आहे. सभा मारुतीच्या देवळात झाली. मी तेव्हा वीस-एकवीस वर्षांचा होतो आणि सभेला हजर होतो. मला आठवते ती आरडाओरड. अण्णांनी नोंदले आहेत ते मुद्दे. एक पक्ष म्हणत होता की वर्गणी प्लॉटच्या क्षेत्रफळावर असावी, कारण रस्ता झाला की भाव वाढणार तो गुंठ्याचा. दुसरा म्हणत होता, रस्त्याला लागून ज्याची जितकी बाजू तितके त्याचे पैसे. सोनाराच्या काट्यासारखा स्वच्छ हिशेब. तिसरा म्हणत होता की गल्लीच्या तोंडाशी राहणारा पाच पावले चालतो आणि टोकाचा सहाशे फूट, तेव्हा टोकाच्याने जास्त द्यावे. यावर टोकाचे म्हणाले, आम्ही दहा वर्षे सहाशे फूट चिखल तुडवला त्याचे आधी द्या. चौथ्याकडे स्कूटर होती आणि पाचव्याचे म्हणणे असे की रस्ता चाकांना लागतो, पायांना नाही. शेवटी ‘सगळे सारखे’ यावर एकमत झाले. बासष्ट हजार भागिले एकतीस, घरटी दोन हजार. ठराव झाला, खजिनदार म्हणून अण्णांचे नाव आले, टाळ्या वाजल्या.

‘सगळे सारखे’ या ठरावामागे काही शहाणपण नव्हते असे मी म्हणणार नाही. लांबी मोजायला टेप काढली असती तर कोणाची भिंत रस्त्यात किती आली आहे हेही मोजले गेले असते, आणि तशी एक नव्हे, नऊ-दहा घरे होती. क्षेत्रफळ काढायचे तर करारावर लिहिलेले आणि प्रत्यक्षातले जुळत नव्हते. शिवाय देवळाचा प्रश्न होता. मारुतीची चाळीस फूट बाजू रस्त्याला लागून होती. ती हिशेबात धरली तर एकूण बाजू १२४० फूट आणि दर बरोबर फुटामागे पन्नास रुपये. देवाला सोडले तर १२०० फूट आणि दर एकावन्न रुपये सदुसष्ट पैसे. मारुतीने वर्गणी द्यावी असे म्हणण्याची कोणाची छाती नव्हती आणि मारुतीचे आम्ही भरू असे म्हणण्याची कोणाची इच्छा नव्हती. घरटी हिशेबात देऊळ हे घरच नसल्यामुळे तो प्रश्न उठलाच नाही.

गल्लीच्या मध्यावर एक अर्धा प्लॉट होता. वीस फूट रुंद, पत्र्याचे घर. तिथे राहणाऱ्या काकू ब्लाउज शिवून दोन मुले वाढवत होत्या; नवरा १९९० च्या आसपास वारलेला. त्या सभेला आल्या होत्या पण बोलल्या नाहीत. वसुली सुरू झाली. अण्णा दर रविवारी सकाळी आंघोळ करून, वही काखेत घेऊन निघायचे. बहुतेकांनी दोन-तीन हप्त्यांत दिले. काकूंच्या नावापुढे मात्र वहीत लहान लहान आकड्यांची माळ आहे: २००, १००, ५०, १५०, १००, असे करत करत नऊ महिन्यांत १०००. तिथे माळ थांबते. पुढे ‘बाकी १०००’ असे लिहून त्याखाली दुहेरी रेघ ओढली आहे. त्या काळी एका ब्लाउजची शिलाई पंधरा रुपये असेल. हजार रुपये म्हणजे सासष्ट-सदुसष्ट ब्लाउज, तेही दोरा आणि हुक फुकट आले तर.

काम सुरू झाले तेव्हा एका उत्साही सभासदाने सुचवले की ज्यांची बाकी आहे त्यांच्या दारासमोरचा तुकडा तसाच ठेवावा, म्हणजे आपोआप पैसे येतील. ही सूचना हसण्यावारी गेली नाही. तीवर चर्चा झाली, आणि दोघा-तिघांनी माना डोलावल्याचे मी पाहिले आहे. ती हाणून पाडली ती ठेकेदाराच्या मुकादमाने. रोलरच्या चाकाला टेकून विडी ओढत तो म्हणाला, “मधी वीस फूट कच्चं ठेवलं तर पाणी तिथनंच खाली शिरंल. दोन वरसांत दोन्ही अंगाचा रस्ता उखडंल. मग बसा वसूल करत.” विषय तिथेच संपला. खडी पसरली, पाणी मारून रोलर फिरला, डांबराच्या पिंपाखाली जाळ पेटला, आणि त्या वर्षीच्या दिवाळीत गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मुलांनी सायकली पिटाळल्या. मीही रात्री अनवाणी चालून पाहिले. डांबर दिवसभराच्या उन्हाने कोमट होते.

तो रस्ता आम्ही सांभाळला हेही लिहिले पाहिजे. नळजोडणीसाठी कोणी खणले तर चार माणसे उभी राहून बुजवून घेत. गणपतीच्या मांडवासाठी पहारीने भोके पाडायची नाहीत असा नियम झाला आणि तो पाळला गेला. स्वतःचे पैसे घातले की माणूस राखण करतो, असे लोकवर्गणीचे समर्थक म्हणतात ते मला खोटे वाटत नाही. पुढे २००२ साली केंद्राच्या ‘स्वजलधारा’ योजनेने गावाच्या पाणीयोजनेच्या भांडवली खर्चात दहा टक्के वाटा गावकऱ्यांचा ठेवला, तोही याच विश्वासावर. पण या राखणीला एक दुसरी बाजू असते. ज्याने पैसे घातले तो रस्ता राखतो, तसा ज्याने घातले नाहीत त्याच्यावर डोळाही राखतो. काकूंची बाकी पुढे कित्येक वर्षे गल्लीला माहीत होती. संक्रांतीचे हळदीकुंकू, देवळाचा उत्सव, कोणताही विषय निघाला की “त्यांची अजून रस्त्याची बाकी आहे” हे वाक्य कोणीतरी बोलायचे. अण्णाही बोलायचे. कोणाविषयी वाईट न बोलणारे अण्णा हे एवढे वाक्य मात्र बोलत, आणि ते मी अनेकदा ऐकले आहे.

आता वहीच्या शेवटच्या पानांविषयी. तिथे पेन्सिलीने केलेली एक आकडेमोड आहे, सभेच्या आदल्या दिवशीच्या तारखेची. एका बाजूला घरटी हिशेब, दुसऱ्या बाजूला फुटामागे. फुटाच्या हिशेबात एकतीस नावे आणि प्रत्येकाची लांबी अंदाजे लिहिलेली आहे. आमचा प्लॉट कोपऱ्याचा. मुख्य रस्त्याला चाळीस फूट आणि गल्लीला साठ. पन्नासाने गुणले की तीन हजार. घरटी हिशेबात दोन हजार. काकूंचे फुटाने एक हजार, घरटी दोन हजार. दोन्ही आकड्यांखाली पेन्सिलीची बारीक रेघ आहे. म्हणजे कोणत्या मापाने कोणाचे किती वाचते हे सभेला जाण्यापूर्वी अण्णांना ठाऊक होते, आणि सभेत ‘सगळे सारखे’ ही सूचना त्यांनीच मांडली होती. इतिवृत्तात सूचक म्हणून त्यांचे नाव आहे, त्यांच्याच अक्षरात.

परक्याचा हिशेब असता तर मी शेरा मारून मोकळा झालो असतो: हितसंबंध असलेल्या व्यक्तीने सूचना मांडली. पण शेवटच्या पानावर आणखी एक नोंद आहे. कार्यालयात रक्कम भरायच्या दिवशी जमा ६१,००० आणि भरणा ६२,०००. फरकापुढे एकच अक्षर: ‘स्व.’ स्वतःचे. अण्णांनी तूट पदरची घालून भरली होती. म्हणजे त्यांनी प्रत्यक्ष दिले तीन हजार, आणि काकूंनी दिले एक हजार. फुटामागे पन्नास रुपयांच्या हिशेबाने दोघांचे पैसे बरोबर पोहोचले होते. तरीही वहीत बाकी राहिली ती काकूंच्या नावावर. आणि अण्णा ते वाक्य बोलत असत ते गल्लीच्या वतीने, की आपल्या हजार रुपयांसाठी, हे मला आता कोण सांगणार? साडेतीन हजार पगारातले हजार रुपये ही काही सहज सोडण्याजोगी रक्कम नव्हती. त्या वर्षी आईने दिवाळीला साडी घेतली नव्हती हेही मला आठवते. मी या नोंदीकडे बरेच दिवस पाहतो आहे आणि कधी मला ती त्यांच्या बाजूची वाटते, कधी विरुद्ध.

या वहीमुळे मी जुने कायदे काढून वाचत बसलो. निवृत्त माणसाचा छंद म्हणा. मारुतीच्या देवळात झालेला वाद शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडच्या पार्लमेंटने कलमवार निकालात काढून ठेवला होता, हे पाहून मी चकित झालो. तिथे कारखानदारी वाढली तशा शहराच्या कडेने विकासकांनी घरांच्या रांगा उठवल्या आणि मधले रस्ते चिखलातच सोडले. १८९२ च्या ‘प्रायव्हेट स्ट्रीट वर्क्स अ‍ॅक्ट’ने असे रस्ते पक्के करून खर्च दोन्ही बाजूंच्या मालकांवर बसवण्याची रीत घालून दिली. मूळ माप फुटाचे, म्हणजे रस्त्याला लागून असलेल्या बाजूचे. पण कोणाला फायदा कमी, कोणाला जास्त, हे विचारात घेण्याची मोकळीक होती, आणि एखाद्या मालकाने रस्त्यावर आधीच काही काम केले असेल तर त्याचेही मोल धरता येत होते. (आमच्या मुरमाच्या ट्रॉल्या मला इथे आठवल्या.) नकाशा, अंदाजपत्रक आणि कोणावर किती याची यादी लोकांना पाहायला ठेवायची, हरकत घ्यायला महिनाभर मुदत, हरकतीचा निवाडा शेजारी नव्हे तर न्यायदंडाधिकारी करणार. आणि देवळाचे काय? प्रार्थनास्थळाला माफी, आणि त्याचा हिस्सा इतर मालकांवर न टाकता नगरसंस्थेने सोसायचा. आमची एक अख्खी संध्याकाळ ज्या प्रश्नात गेली त्याला तिथे एक कलम होते.

आपल्याकडे असे काही नव्हतेच असे नाही. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यात कलम ३०५ आहे: खासगी रस्ता सपाट, खडी टाकलेला, गटारे आणि दिवे असलेला नसेल तर आयुक्त लगतच्या मालकांना तो तसा करायला लावू शकतात. लगेच पुढचे कलम ३०६ सांगते की असे काम पुरे झाले की तो रस्ता सार्वजनिक म्हणून जाहीर करता येतो. या दोन कलमांचा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. मालकांनी एकदा खर्च करायचा, आणि त्या बदल्यात रस्ता कायमचा शहराचा व्हायचा. पुढची डागडुजी शहराची. हा सौदा आहे, आणि सौदा म्हणून तो न्याय्य आहे. आमच्या बाबतीत सौद्याचा पहिला भाग झाला, दुसरा झालाच नाही. बासष्ट हजार भरूनही रस्ता ‘अनधिकृत वसाहतीतला’च राहिला.

कोपऱ्याच्या प्लॉटचे दुखणेही एकट्या अण्णांचे नव्हते. जर्मनीत नवा रस्ता प्रथम बांधला जातो तेव्हा संघराज्याच्या बांधकाम कायद्याप्रमाणे नगरपालिकेने किमान दहा टक्के सोसायचे असतात, बाकी लगतच्या मालकांवर बसू शकते. तिथे दोन रस्त्यांना लागून असलेल्या कोपऱ्याच्या मालकाला दोन्हीकडून बिल येते, म्हणून अनेक गावांच्या नियमांत त्याला सूट ठेवलेली असते. जुन्या रस्त्यांच्या नूतनीकरणाचा खर्च मालकांकडून घेण्यावरून मात्र तिथे इतका असंतोष झाला की बव्हेरियाने २०१८ पासून तो घेणेच बंद केले. मग आदल्या वर्षी ज्यांनी भरले त्यांचे काय, हा प्रश्न लगेच उभा राहिला. तो कुठेही सुटत नाही. वर्गणी बंद करण्याचा दिवस कोणता का असेना, त्याच्या आदल्या दिवशी भरलेला माणूस असतोच.

मग रहिवाशांनी पैसे द्यावेतच का? “आम्ही घरपट्टी भरतो” हे उत्तर आमच्या गल्लीत नेहमी दिले जाई, आणि त्यात तथ्य आहे. घरपट्टी अनधिकृत घरालाही लागते. मात्र ती भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही. घेताना नागरिक आणि देताना अतिक्रमक, अशी ही तऱ्हा. पण उलट बाजूही मी टाळू शकत नाही. डांबर पडल्यानंतर आमच्या गुंठ्याचा भाव चढला, तो आमच्या खिशात आला. जुन्या गावठाणात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या हमालाच्या करातून तो चढावा, यात न्याय कुठे आहे? रस्त्याने भाव वाढतो आणि त्या वाढीतला काही भाग शहराने परत घ्यावा, हे तत्त्व आपल्या नगररचनेच्या कायद्यात पहिल्यापासून आहे. तेव्हा वाटणी असावी, असे माझे मत आहे. माझे भांडण वाटणीशी नाही. वाटणी कोणी करायची, याच्याशी आहे. शहराने निम्मी रक्कम मागितली आणि ती कोणाकडून, कोणत्या मापाने, हे गल्लीवर सोडले. गल्लीकडे ना मोजणी, ना मुदत, ना हरकतीची सोय. बाकीदारावर चालवायला तिच्याकडे एकच अवजार होते, ते म्हणजे चारचौघांत बोलून दाखवणे.

पुढे २००१ साली गुंठेवारी नियमाधीन करण्याचा कायदा आला. त्या वर्षाच्या १ जानेवारीपूर्वीचे प्लॉट प्रशमन शुल्क आणि विकास शुल्क भरून नियमित करून घेता येऊ लागले. (ही मर्यादा २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली गेली.) आम्ही २००३ मध्ये अर्ज केला. विकास शुल्क क्षेत्रफळावर होते. सभेत पहिल्याच पक्षाने मांडलेले माप अखेर सरकारकडून आले. अण्णा वही आणि भरण्याची पावती घेऊन कार्यालयात गेले. रस्त्यासाठी बासष्ट हजार आम्ही आधीच दिले आहेत, ते शुल्कातून वजा व्हावेत एवढेच त्यांचे म्हणणे होते. समोरच्या कारकुनाने पावती उलटसुलट पाहिली. तीवर सदर म्हणून ‘लोकवर्गणी’ लिहिलेले होते. तो म्हणाला, “काका, ही तर देणगी आहे.” हिशेबाच्या दृष्टीने त्याचे चूक नव्हते. देणगी देणाऱ्याचा हक्क पावतीबरोबरच संपतो. हिस्सा म्हणून मागितलेली रक्कम देणगी म्हणून जमा झाली होती, आणि आठ वर्षे ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. माझ्याही नाही, आणि माझा तर तो धंदा होता.

२०१६ मध्ये काँक्रिटीकरण झाले. कोणी एक रुपया मागितला नाही. एका सकाळी जेसीबी आले आणि आमचे डांबर उकरून घेऊन गेले. नवा रस्ता जुन्यापेक्षा दीड फूट उंच झाला, त्यामुळे मूळच्या बैठ्या घरांत पावसाचे पाणी शिरू लागले. काकूंचे घर त्यांत पहिले. फुकट मिळालेल्या रस्त्याच्या उंचीविषयी तक्रार कोणाकडे आणि कशाच्या बळावर करायची, हे कोणाला सुचले नाही.

काकू आता ऐंशीच्या घरात आहेत. मुलाने पत्रे काढून वर स्लॅब टाकला आहे. वही सापडल्यावर काही दिवसांनी मी त्यांच्याकडे गेलो. काय बोलायचे ते ठरवून गेलो होतो, पण त्यांनीच विषय काढला, म्हणजे अण्णांचा काढला. “तुमचे अण्णा हिशेबाला पक्के,” त्या म्हणाल्या. “मी त्यांना म्हणाले होते, माझे वीस फूट, माझे हजार होतात. ते म्हणाले, वहिनी, तुमचं बरोबर आहे, पण ठराव झालाय.” मी विचारले, मग तुम्ही सभेत का नाही बोललात? त्या जरा वेळ थांबून म्हणाल्या, “कोपऱ्याच्या साठ फुटांचं मी कसं बोलणार? तुमच्या आईकडून माझी मशीन दुरुस्तीला पैसे आणले होते तेव्हा.” हे पैसे वहीत नाहीत. आईला वही नव्हती.

आता गल्लीत पुन्हा वर्गणीचा विषय आहे. साठणारे पाणी काढायला बंदिस्त गटार हवे आहे, आणि निधी यायला उशीर आहे म्हणून आपणच निम्मे घालू असे तरुण मंडळींनी ठरवले आहे. एकतीस घरांपैकी सात जागी आता अपार्टमेंट आहेत. एका चाळीस फुटांत आठ कुटुंबे राहतात. फ्लॅटवाले म्हणतात प्लॉटमागे घ्या, बंगलेवाले म्हणतात कुटुंबामागे घ्या, आणि पाणी ज्यांच्या घरात शिरते ते काहीच म्हणत नाहीत. व्हॉट्सॲपच्या गटावर एकाने लिहिले की अण्णांच्या घरी जुना हिशेब असेल, त्यावरून काढू या. मी उत्तर लिहिले की फुटामागे घ्यावे, देवळाचे चाळीस फूट सर्वांनी वाटून घ्यावेत, आणि कोणाला किती येते त्याची यादी हरकतींसाठी महिनाभर देवळात लावावी. अजून कोणी हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. काल सकाळी टेप घेऊन आमची बाजू मोजली. अण्णांनी साठ लिहिली होती, साडेएकसष्ट भरली.